जमिनीतला आवाज आणि तेवीस पोरं

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी पावणेआठ. चहा गाळत होतो. जमिनीतून आवाज आला, लांब कुठंतरी धान्याचं पोतं आपटल्यासारखा. मग मांडणीवरची भांडी खुळखुळली. बाई ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली. बाई म्हणजे माझी बायको, इथल्या शाळेत शिकवते, गाव बाई म्हणतं म्हणून मीही.
"टँकर गेला का?"
"भूकंप हाय. बारका."
"आणि तुम्ही चहा गाळताय?"
मग काय करणार. आमच्या पाटण खोऱ्यात पोरगं पाळण्यात असल्यापासून हे बघतं. हिचा जन्म मात्र जतचा. एकावन्न वर्षांत इथं विहिरीला हलण्याइतकं पाणी बघितलं नाही, जमीन हललेली कुठून बघणार.
दोन्ही कप तिनंच उचलून अंगणात नेले. चहा बाहेर प्यालो. थंडी होती.

११ जानेवारी, शनिवार

कालपासून आणखी चार. गावात दोन पार्ट्या. एक म्हणते खाणीत सुरुंग उडवतायत, दुसरी म्हणते बोअर मारून मारून जमीन आतनं पोकळ झाली. चावडीवर सरपंच सिद्दू माझ्याकडं आला. "सुभेदार, तुमी कोयनेकडचं. तुमीच सांगा."
सांगितलं. नोकरीत कच्छला दोन वर्षं होतो, तिथंही असंच. नुसतं वाळवंट, मैलभर माणूस नाही, आणि जमीन दिवसाला पाच-सहादा थरथरायची. सुरुवातीला आम्ही जवान झटके मोजत होतो, महिन्यानं सोडून दिलं. लहान लहान झटके घोळक्यानं येतात, महिना-दोन महिने राहतात, जातात. घाबरू नका.
लोक ऐकत होते. बरं वाटलं. हिच्याशी दुसरं लग्न करून आठ महिने झाले इथं येऊन, आत्तापर्यंत मी फक्त 'बाईचं मालक'.
घरी आल्यावर बाई म्हणाली, "मिशीला पीळ देत बोलत होता."
नव्हतो देत. बहुतेक.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. हिची तिळाची पोळी झकास जमते. दुपारी चार बायका हळदीकुंकवाला बसलेल्या असताना आवाज आला. सगळ्या एकदम अंगणात. पितळी ताट पालथं, तिळगूळ मातीत. शाळेत खिचडी शिजवणारी मल्लव्वा एकटी आत बसून राहिली. "एनू इल्ला, एनू इल्ला" म्हणत होती, म्हणजे काही नाही. पण हात खांबाला घट्ट.
बाई तीन दिवस उशीला पाठ टेकून बसूनच झोपते. आज विचारलं, "तुम्हाला भीती कशी वाटत नाही?"
म्हटलं, "फौजेत भीतीला सुट्टी असते."
हसली नाही. मलाही नंतर ते बोलणं हलकं वाटलं.

१८ जानेवारी, शनिवार

पहिल्यांदा शाळा नीट बघितली. आत्तापर्यंत डबा द्यायला दारापर्यंत जायचो. पहिली ते चौथी, तेवीस पोरं, आणि सगळ्यांना एकटी बाई. दुसऱ्या मास्तरची जागा सहा वर्षं रिकामी. खोल्या दोन. एक स्लॅबची, तिचा गिलावा पडून लोखंड दिसतंय, म्हणून ती बंद. पोरं बसतात जुन्या दगडी खोलीत. दगड मातीत बसवलेले, वर मातीचं माळवद, हात-हात जाडीचं. उन्हाळ्यात गार राहते म्हणे.
मागच्या कोपऱ्यात भेग आहे. पेन्सिलीनं तिच्या टोकाला रेघ मारली, आजची तारीख घातली. पोरं भोवती जमली. कस्तुरी म्हणून दुसरीतली एक आहे, पुढचे दोन दात पडलेले, ती म्हणाली, "आजोबा, भेग वाढली की तिची उंची पण लिव्हायची? आमची लिवतात तशी?"
लिव्हायची म्हटलं.
येताना बाईनं विचारलं, "दोन्हीतली कुठली खोली बरी?"
मी म्हटलं, बघतो. उत्तर माहीत होतं. एकही नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

भेग रेघेच्या पुढं बोटभर गेली.

२२ जानेवारी, बुधवार

भांडण. लग्नानंतरचं पहिलं, असं धरायला हरकत नाही. आधीची ती नुसती कुरबुर.
शिक्षकांच्या बदलीचे ऑनलाइन अर्ज सुरू झालेत. मी म्हटलं, कराड तालुका टाक. मलकापुरात माझा फ्लॅट कुलूप लावून पडलाय. खाली भाजी मिळते, दवाखाना आहे, नळाला पाणी आहे.
"आणि ही तेवीस?"
"दुसरं कोण तरी येईल."
"सहा वर्षं येतंयच."
मग म्हणाली, "कराडला हलत नाही?"
खरं सांगावं लागलं. हलतं. कोयनेचा झटका कराडला लागतोच.
"मग?"
"ते सवयीचं हलणं हाय."
बाईनं वही मिटली आणि भाकरी थापायला गेली. लय जोरात थापत होती. संध्याकाळपर्यंत अबोला. तरी ताटात माझ्यासाठी कारळ्याची चटणी होती, वर तेलाची धार.

२४ जानेवारी, शुक्रवार

बाईनं वर कळवलं होतं की पोरं झाडाखाली बसवू का. साहेबांचं उत्तर फोनवर. इमारतीचा अहवाल येईपर्यंत वर्ग खोलीतच भरवावा, बाहेर बसवून गावात घबराट पसरवू नये.
तिनं हो म्हटलं. फोन ठेवला आणि सगळी पोरं बाहेर काढून करंजाखाली बसवली. हजेरीच्या वहीत लिहिलं, 'आज दिवसभर परिसर अभ्यास.'
म्हटलं, उद्या काय लिहिणार?
"परिसर मोठा आहे," म्हणाली.
या बाईशी लग्न केलं ते बरं केलं. तोंडावर म्हणालो नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. युनिफॉर्म काढला, पोटावर घट्ट झालाय. बाईनं बटण सैल करून दिलं, तिचे डोळे हसत होते.
कार्यक्रम झाल्यावर पोरांना ड्रिल शिकवलं. शिट्टी वाजली की उठायचं आणि झेंड्याच्या खांबापाशी रांग. दप्तर नाही, चप्पल नाही, डबा नाही. मग मोजणी, एक ते तेवीस. पहिल्यांदा सगळी दारात अडकली. सातव्यांदा नीट जमलं. चौथीची पोरं दाराजवळ नको, ती मागं, पहिलीची पुढं, असं बसवायचं ठरवलं. कस्तुरी दरवेळी चप्पल आणायला परत फिरते. नवी आहे म्हणे.
सिद्दू म्हणाला, "सुभेदार, पोरं मिल्ट्रीत घालताय काय."
मल्लव्वा गुळाचा चहा घेऊन आली. दिवस चांगला गेला. झटका एकच, तोही जेवताना.

२९ जानेवारी, बुधवार

आज बाईनं पकडलं.
दुपारी ती शाळेतून लवकर आली, दोघं जेवायला बसलो. आवाज आला, ताटं थरथरली. संपलं. तर मी दाराच्या चौकटीत उभा, आणि बाईचं कोपर माझ्या मुठीत. कधी उठलो, तिला कधी ओढलं, काही कळलं नाही. घास तोंडात तसाच.
"हे सवयीचं का?" म्हणाली. चिडवत नव्हती.
मग सांगितलं. आठ महिन्यांत सांगितलं नव्हतं. पहिल्या बायकोलाही लग्नाला चार वर्षं झाल्यावर, तेही दुसऱ्या कुणाकडून कळलं.
माझ्या आधी एक भाऊ होता. सदुसष्टला पहाटे आमचं घर पडलं तेव्हा चार वर्षांचा. आई बहिणीला घेऊन बाहेर आली, वडील बैल सोडायला पळाले. दोघांना वाटलं दुसऱ्यानं त्याला घेतलाय. मी दोन वर्षांनी झालो. त्याचंच नाव मला ठेवलं, विष्णू. आई हाक मारायची, मी ओ द्यायचो, आणि कधी कधी ती माझ्याकडं बघून गप्प बसायची. लहानपणी वाटायचं माझंच काहीतरी चुकलं.
बाईनं ऐकून घेतलं. भात गार झाला. मग म्हणाली, "मोजणी आधी करायची, मग बाहेर पडायचं, असं नाही का चालणार?"
म्हटलं, नाही चालत. वेळ नसतो.
"मग बाहेर पडल्यावर लगेच."
हो. लगेच.
तिनं भात परत गरम केला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हाताला वही नीट धरवत नाही. तरी लिहितो.
साहेब तपासणीला येणार म्हणून बाईनं पोरं आत बसवली होती. तिला नको होतं. मी म्हटलं होतं, एक तासाचा प्रश्न आहे. हे मी म्हटलं होतं, हे लिहून ठेवतो.
साहेब आत तपासत होते, मी करंजाखाली बाहेरच्या वर्गाचा फळा टांगलेला दोर सोडवत होतो. सव्वाअकरा झाले असतील. आवाज आला तो आधीच्यासारखा नव्हता, लांबला. उभं राहता येईना. कौलारू देवळाची घंटा आपोआप वाजली. शिट्टी गळ्यात होती, ती कशी वाजवली माहीत नाही. पोरं आली. खरंच आली, रांगेत, पहिलीची पुढं. मागून साहेब, अनवाणी, बूट दारात राहिलेले. शेवटी बाई.
मोजणी. एक, दोन, तीन. बाविसावर थांबली.
मी तोंड उघडायच्या आत बाई वळली आणि आत गेली. धुरळा इतका की दार दिसत नव्हतं. "सुमन" म्हणून ओरडलो. आठ महिन्यांत पहिल्यांदा नावानं. आणि मागं धावलो.
आत काही दिसत नव्हतं, तोंडात माती. बाईचा आवाज तेवढा, अगदी वर्गातला, शांत. "कस्तुरी, आता बाहेर यायचं, बाळा. बास झालं." पोरगी टेबलाखाली, टेबलाच्या पायाला मिठी मारून. मी पायापासून तिची बोटं एकेक सोडवली. तिघं बाहेर पडलो. दहा-बारा पावलं गेलो असू, मागचा कोपरा माळवदासकट बसला. मोठा आवाजही नाही झाला. धप्प. मातीचं घर पडतं तसं.
मग पोरं रडायला लागली, तोवर एकही रडलं नव्हतं. बाईनं परत मोजणी घेतली. तेवीस. मग तिसऱ्यांदा घेतली. साहेब खांबाला टेकून उभे होते, त्यांनीपण ओठांत मोजलं.
माझा डावा हात दगड लागून सुजलाय. मोडला नाही. गावात घरं उभी आहेत, दोन गोठे आणि शाळेचा कोपरा तेवढा गेला. माणसं सगळी आहेत.

५ फेब्रुवारी, बुधवार

कस्तुरी टेबलाखाली का गेली ते आज कळलं. गेल्या वर्षी पाठ्यपुस्तकातला धडा शिकवताना बाईनंच सांगितलं होतं, भूकंप झाला की टेबलाखाली. मी सांगितलं पळा. पोरीनं बाईचं ऐकलं.
बाई सकाळपासून तेच घेऊन बसलीय. "मी सांगितलं म्हणून गेली ती." मी म्हटलं, पोरांना आत बसव म्हणून मी सांगितलं होतं. असं दोघं एकमेकांच्या वाटणीचा दोष ओढून घेत होतो. शेवटी मल्लव्वा वैतागली. "सुभेदार म्हणतो पळा, बाई म्हणती टेबल. दोघं नवराबायकू आदी घरात ठरवा की, मग पोरांना सांगा."
दुपारी बसून ठरवलं. दाराजवळ असलं तर बाहेर. आत अडकलं तर टेबल, आणि हलणं थांबलं की हाक द्यायची. बाईनं फळ्यावर लिहायच्या अक्षरात कागदावर लिहिलं. खाली दोघांच्या सह्या घेतल्या, गंमत म्हणून. पण घेतल्या.
संध्याकाळी कस्तुरीची आई हुरडा घेऊन आली. बाईच्या हातात टोपली दिली आणि तिथंच पायरीवर बसली बराच वेळ. कस्तुरी माझ्या सुजलेल्या हाताकडं बघून म्हणाली, "भेग आता लय उंच झाली, आजोबा."

८ फेब्रुवारी, शनिवार

शाळेचा मांडव उभा राहिला. द्राक्षबागेचे जुने लोखंडी अँगल सिद्दूनं दिले, वर हिरवी जाळी, बाजूनं बांबूचे तट्टे. पडलं तरी अंगावर पडून काही होणार नाही, असं सगळं हलकं. वीसेक माणसं आली. धनगरांनी मेंढरं माळावर सोडली आणि खड्डे खणले. मला एका हातानं काम जमेना, म्हणून नुसत्या ऑर्डरी देत होतो. सिद्दू म्हणाला, "दुसरा हात बरा झाला तरी हेच करणार तुमी."
साहेबांचा फोन. बाहेर बसवायला हरकत नाही म्हणाले. लेखी देता का म्हणून बाईनं विचारलं. म्हणाले, "देतो बाई. आजच देतो." संध्याकाळी खरंच आलं मोबाईलवर. माणूस वाईट नाही. त्यालाही त्या दिवशी बाहेर पळावं लागलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पुण्याहून तिघं आले, भूकंप मोजायची पेटी घेऊन. मल्लव्वाच्या रानात पुरली, तारा सोलरला जोडल्या. त्यांच्यातली चष्मेवाली पोरगी नीट बोलायची. पहिल्याच तासात पेटीवर इतक्या रेघा उठल्या की तीपण चकित. मग बांधावर बघितलं तर मेंढरांचा कळप चाललेला. सगळे हसले. मल्लव्वानं मेंढपाळाला चार शिव्या कानडीत दिल्या, त्यानं तितक्याच परत दिल्या.
मी तिला बाजूला घेऊन विचारलं. याच्यापेक्षा मोठा येईल का?
"सांगता येत नाही, काका. कमी होत जातील असं वाटतं. पण खात्रीनं सांगता येत नाही."
मी महिन्यापूर्वी चावडीवर काय काय ठोकून दिलं होतं ते आठवलं. तिला घरी जेवायला नेलं. बाईनं भरली वांगी केली. जाताना पोरगी म्हणाली, शाळेचं ड्रिल कुणी बसवलं? बाईनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी हिच्याकडं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पाच दिवस काही नाही. बाई आता आडवी झोपते, लगेच घोरायलाही लागते. मी जागा.
मांडवात वारं लागतं, धूळ येते, खडू उडतात. पोरं खूष. बाहेरून कुणी गेलं की सगळी हात करतात, मग शिकणं कसलं. बाईचा आवाज बसलाय. हळद-दूध दिलं. प्याली, तोंड वाकडं करून.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बदलीच्या अर्जाची आज शेवटची तारीख होती. मी विषय काढला नव्हता. ठरवूनच.
शाळेतून आल्यावर बाईनंच मोबाईल पुढं घेतला. नाव, जन्मतारीख, नोकरीची वर्षं भरली. पसंतीच्या गावांच्या रकान्यात मलकापूरजवळची तीन गावं टाकली. मी बघत होतो. काय वाटत होतं ते लिहिता येत नाही. हवं तेच होत होतं.
मग थांबली. म्हणाली, "पोरांना आज विचारलं. मी गेले तर नवीन बाईंना पहिल्या दिवशी काय सांगाल. सगळ्यांनी ड्रिलचं सांगितलं. कस्तुरी म्हणाली, आधी आम्हाला मोजा म्हणून सांगणार."
तेवढ्यात तिच्या मास्तरांच्या ग्रुपवर मेसेज आला, मुदत आठ दिवसांनी वाढवली. बाईनं अर्ज तसाच जपून ठेवला, पाठवला नाही, खोडला नाही. आणि एकदम म्हणाली, "मला इथून न्यायच्या गोष्टी खूप झाल्या. तुम्ही इथं राहाल का? कायमचे? पाण्याला टँकर, दवाखान्याला जत, आणि जमिनीचा हा असा भरवसा. खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून नको."
लगेच हो आलं होतं तोंडात. गिळलं. खरं सांगा म्हणाली म्हणून. मलकापूरच्या फ्लॅटच्या गॅलरीतून नदीकडची हिरवळ दिसते. चौदा वर्षं बर्फात आणि वाळूत काढताना ती गॅलरी डोळ्यापुढं होती. आणि इथं संध्याकाळी माळावर नजर टाकली तर एक झाड. त्याखाली आता मांडव.
म्हटलं, "उद्या सांगतो."
बाई उठली, ज्वारीचं पीठ काढलं, परातीत पाणी घेतलं.
"उद्या सकाळची शाळा आहे," म्हणाली. "दुपारी सांगा."